दुर्लक्षित विद्युत गिटारचे पुनरुज्जीवन : दुरुस्ती, जतन आणि बदल यांचा विचार

प्रस्तावना :

वाद्य वापरात राहिले नाही की ते बिघडते, हे सतार-तंबोरा बाळगणाऱ्या घरांना वेगळे सांगावे लागत नाही. विद्युत गिटारही या नियमाला अपवाद नाही. महाविद्यालयीन वयात हौसेने घेतलेले आणि पुढे नोकरी-संसारात मागे पडलेले असे वाद्य वर्षानुवर्षे कपाटावर पडून राहते आणि अखेरीस जुन्या वस्तूंच्या बाजारात अल्प किमतीत विकले जाते. तारा गंजलेल्या, नेकला बाक आलेला, आवाजाचे बटण फिरवताच खरखर. परंतु मूळ लाकूड बहुधा शाबूत, अशी त्याची अवस्था असते. प्रस्तुत लेखात अशा वाद्याच्या दुरुस्तीचा क्रम व त्यामागील भौतिक कारणे यांचा, आणि त्यासोबत कोणता भाग मुळाबरहुकूम जपावा व कोणता बदलावा या वादग्रस्त प्रश्नाचा विचार केला आहे. उदाहरणादाखल अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेली स्ट्रॅटोकास्टर ही घडण घेतली आहे. जगभर तिच्या असंख्य प्रतिकृती निघाल्या असल्यामुळे जुन्या बाजारात हाती येणारे वाद्य पुष्कळदा याच कुळातील असते.

रचनेतच असलेली दुरुस्तीची सोय :

लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९३८ पासून त्यांचे दुकान होते, आणि विशेष म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्यांच्या वाद्यांत घडवणाऱ्या कारागिरापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी अधिक दिसते. पारंपरिक गिटारची नेक धडाला सरसाने जोडलेली असते; १९५२ साली गिब्सन कंपनीने आणलेल्या लेस पॉल या प्रसिद्ध गिटारमध्येही ती चिकटवलेलीच आहे. फेंडर यांनी मात्र ती चार स्क्रूंनी आवळली. नेक बिघडली तर काढावी, दुसरी बसवावी. पिकअप, बटणे, खुंट्या, ब्रिज यांपैकी प्रत्येक भाग साध्या हत्यारांनी सुटा होतो. त्यामुळे एखादे दुर्लक्षित वाद्य सामान्य हौशी माणसालाही घरच्या घरी पूर्ववत करता येते. चिकटवलेल्या नेकच्या वाद्याबाबत हे विधान तितक्या निःशंकपणे करता येणार नाही.

आरंभ नेकपासून :

हौशी मनुष्य बहुधा रंगापासून किंवा नवीन पिकअपपासून सुरुवात करतो. हा क्रम उलटा आहे. नेक सरळ नसेल तर फ्रेट घासण्याला अर्थ राहत नाही, फ्रेट समतल नसतील तर ब्रिजची जुळणी टिकत नाही आणि जुळणीच चुकलेली असेल तर उत्तम पिकअप बेसूर नादच अधिक स्पष्टपणे ऐकवतो.

०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या सहा तारा प्रचलित स्वरांत ताणल्या असता नेकवर ४५ किलोहून अधिक ओढ पडते. ही ओढ तोलण्यासाठी नेकच्या पोटात पोलादाची एक सळई बसवलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीला या कल्पनेचे पेटंट १९२३ साली मिळाले. वाद्य ताणलेल्या तारांसह वर्षानुवर्षे पडून राहिले तर नेक तारांच्या बाजूस वाकते. उलट तारा काढून ठेवल्या आणि सळई आवळलेलीच राहिली तर बाक मागील बाजूस येतो. त्यात कोकणपट्टीसारख्या प्रदेशात पावसाळ्यातील दमट हवेने लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून जुन्या वाद्याची परीक्षा करताना प्रथम नेक डोळ्यांच्या रेषेत धरून तिच्या दोन्ही कडा पाहाव्यात. साधा बाक असेल तर तो सळईने निघतो. परंतु दोन कडांचा बाक वेगवेगळा दिसला, म्हणजे लाकडाला पीळ पडलेला असला, तर सळईचा उपयोग नाही. असे वाद्य कितीही स्वस्त मिळाले तरी नव्या नेकचा खर्च धरूनच घ्यावे.

मोजमापाची रीत सोपी आहे. वाद्य स्वरात लावून जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक धडाला मिळते तेथील फ्रेटवर अशी दोन्हीकडे दाबावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांत सुमारे ०.२५ मि.मी. फट असावी, म्हणजे एखादे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट अधिक असल्यास सळईची चकती उजवीकडे, कमी असल्यास डावीकडे फिरवावी. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही. त्यानंतर वाद्य काही तास तसेच ठेवून पुन्हा मोजावे, कारण लाकूड सावकाश बसते. चकती गंजून अडकली असेल तर जोर लावू नये. सळई तुटल्यास ती काढण्यासाठी फळी उचलावी लागते आणि दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीपुढे जातो.

फ्रेट आणि स्वरस्थाने :

सतारीचे पडदे तातीने बांधलेले असतात. वादक ते सरकवून रागानुसार जुळवून घेतो. गिटारचे फ्रेट मात्र खाचेत ठोकून बसवलेले असतात. त्यांची जागा सप्तकाचे बारा समान भाग पाडून ठरते : प्रत्येक फ्रेटपाशी तारेची उरलेली लांबी मागील लांबीला १.०५९४६ ने भागून मिळते. स्ट्रॅटोकास्टरची तार ६४८ मि.मी. लांबीची धरली जाते. त्यामुळे पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मि.मी. अंतरावर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मि.मी. वर येतो. ही स्थाने कायमची असल्याने दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती केवळ फ्रेटची उंची उरते.

जुन्या वाद्यात पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांच्या खाचा पडलेल्या आढळतात. प्रथम फळीवर चिकटपट्टी लावून लाकूड झाकावे, सर्व फ्रेटच्या माथ्यावर शाई फिरवावी आणि सपाट कानस हलक्या हाताने चालवावी. जेथील शाई शिल्लक राहते तो भाग सखल असतो. शाई सर्वत्र निघेपर्यंतच घासावे. नंतर गोल खाचेच्या कानशीने प्रत्येक फ्रेटचा माथा पुन्हा गोलाकार करून बारीक पॉलिश पेपरने तो गुळगुळीत करावा. सपाट राहिलेल्या माथ्यावर तारेचा नेमका टेकू ठरत नाही, त्यामुळे स्वर किंचित सरकतो. हे काम चिकाटीचे आहे. सर्व दुरुस्तीत अधिक वेळ यालाच लागतो आणि वाजवणाऱ्याच्या बोटांना फरकही येथेच जाणवतो.

फळी मेपलची असल्यास तिच्यावर लाखेचा थर असतो, तिला तेल लावू नये. शिसवी फळी कोरडी पडलेली असल्यास तेलाचा अगदी पातळ हात पुरतो. फेंडर कंपनी स्ट्रॅटोकास्टरवर शिसवी फळ्या १९५९ पासून वापरू लागली आणि पुढे ब्राझिलच्या शिसवाऐवजी भारतीय शिसव सर्वत्र रूढ झाला. सह्याद्रीच्या जंगलांत आढळणारे हे झाड ज्या प्रजातीत मोडते ती संपूर्ण प्रजाती २०१७ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांखाली आली. ब्राझिलच्या शिसवावर तर १९९२ पासूनच कठोर बंदी होती. २०१९ च्या अखेरीस अन्य शिसवाच्या तयार वाद्यांना सूट मिळाली. तथापि जुन्या वाद्यावरील चांगली शिसवी फळी फेकून देण्याचे काही कारण नाही, एवढे यावरून लक्षात यावे.

यानंतर ब्रिजवरील टेकूंची जुळणी. तार फ्रेटवर दाबताना ती किंचित ताणली जाऊन स्वर चढतो. हा चढ भरून काढण्यासाठी तार गणितापेक्षा थोडी लांब ठेवावी लागते, जाड तारेला अधिक. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसते स्पर्शून काढलेला स्वर आणि तेथेच दाबून काढलेला स्वर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर टेकू मागे, उतरलेला असेल तर पुढे सरकवावा. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात तेव्हा तार घोडीला कशी स्पर्शते, याकडे त्यांचे सारे लक्ष असते. तेथे तारेने रुंद पृष्ठभागावर रेंगाळून नाद फुलवावा असा हेतू असतो; गिटारवर तिने एकाच बिंदूवर स्वच्छ सुटावे अशी अपेक्षा असते. साध्य परस्परविरुद्ध, पण कारागिराचे काम त्याच अर्ध्या मिलिमीटरमध्ये चालते.

विद्युत भाग :

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे वेटोळे. स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये सुमारे ८,००० फेरे असतात. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात कंप पावली की वेटोळ्यात त्याच कंपनसंख्येचा क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. जुने वाद्य मुके झाले म्हणून पिकअप गेला असे लगेच मानू नये. मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध मोजावा. तो सुमारे ६ किलो-ओम भरला तर वेटोळे सहसा ठीक असते. काटा हललाच नाही तर तार तुटलेली आहे आणि वेटोळे नव्याने गुंडाळावे लागेल. बहुतेक वेळा दोष सॉकेटच्या सैल पत्र्यात, कळंकलेल्या स्विचमध्ये किंवा सुटलेल्या सोल्डरमध्ये सापडतो. बटणांची खरखर संपर्क-शोधक द्रव फवारून ते वीस-पंचवीस वेळा फिरवल्यावर बहुधा थांबते. न थांबल्यास २५० किलो-ओमचे नवे बटण बसवावे.

एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमधून ऐकू येणारी घरघर हा वेगळा विषय आहे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. दिवे, रोहित्रे यांचे क्षेत्र वेटोळे टिपते. खोबणीला आतून तांब्याचा पातळ पत्रा लावून तो भूमी-तारेला जोडला असता खरखरीचा बराच भाग कमी होतो, परंतु चुंबकीय घरघर पत्र्याने अडत नाही. त्यासाठी परस्परविरुद्ध दिशेची दोन वेटोळी लागतात. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५० च्या दशकात हीच युक्ती वापरली.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. गिटारमध्ये स्वतःचा धोकादायक विद्युतदाब नसतो, पण तिच्या तारा ब्रिजमार्गे अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. घरातील अर्थिंग सदोष असेल आणि अॅम्प्लिफायरमध्ये बिघाड असेल तर वादकाच्या हाती थेट वीज येते. वाद्यासोबत जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर मिळाल्यास तो बंद करूनही त्यातील कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट साठून राहू शकतात. तो जाणकाराखेरीज कोणी उघडू नये.

जतन की बदल ? :

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुने वाद्य बदलावे की नाही याविषयी वादकांचा इतिहास एकमुखी नाही. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० साली नॅशव्हिल येथील दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिहींचे उत्तम भाग एकत्र करून ‘ब्लॅकी’ ही गिटार सिद्ध केली. २००४ साली तिचा लिलाव ९,५९,५०० डॉलर्सना झाला. एडी व्हॅन हेलन यांनी कारखान्यातील दुय्यम प्रतीचे धड ५० डॉलर्सना व नेक ८० डॉलर्सना घेऊन तीत गिब्सनचा पिकअप बसवला. स्ट्रॅटोकास्टरचा स्विच मुळात तीन स्थानांचा होता. वादक तो दोन स्थानांच्या मध्ये अडकवून दोन पिकअपचा एकत्रित नाद काढू लागले आणि अखेर १९७७ साली कंपनीनेच पाच स्थानांचा स्विच दिला. म्हणजे वापरणाऱ्यांची मोडतोड पुढे मूळ रचनेचाच भाग बनली.

मात्र या उदाहरणांवरून प्रत्येक जुने वाद्य खुशाल कापावे असा अर्थ काढणे योग्य नाही. वस्तुसंग्रहालयांत जतनाचे काम करणारे ‘जे केले ते पुढे उलटवता यावे’ ही कसोटी मानतात. तीच येथे लावावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पिकअप, बटणे, खुंट्या बदलणे उलटवता येते. त्यासाठी निघालेला प्रत्येक स्क्रू पाकिटात नाव लिहून ठेवावा. धडात मोठ्या पिकअपसाठी खोबण कोरणे आणि मूळ रंग खरवडणे मात्र उलटवता येत नाही. १९५० व ६० च्या दशकांतील वाद्यांवर नायट्रोसेल्युलोज लाखेचा पातळ थर असे. तो पिवळा पडतो, त्याला बारीक चिरा पडतात आणि वाद्याचे वय त्यावरूनच ओळखता येते. असा थर ओल्या फडक्याने पुसण्यापलीकडे त्याला हात लावू नये. त्या काळच्या कित्येक नेकच्या टाचेवर कारागिराने पेन्सिलीने तारीख लिहिलेली असते. नेक काढल्यावर ती आधी पाहावी, मगच पुढचा निर्णय घ्यावा. याउलट निनावी कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या, जाड पॉलिएस्टर रंगाच्या वाद्याबाबत एवढी भीड बाळगण्याचे कारण नाही. त्याचे मोल ते वाजण्यात आहे. रंग घासताना तोंडाला मुखवटा बांधावा, एवढे पथ्य पुरे.

दुरुस्त झालेले वाद्य नव्या ऋतूत पुन्हा थोडे हलतेच. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि हिवाळ्याच्या आरंभी, असे वर्षातून दोनदा नेकची फट मोजावी. वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून न ठेवता पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, पुड्या दर महिन्याला वाळवाव्यात आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. घामाच्या क्षारांनी त्या गंजण्यास फार दिवस लागत नाहीत.