पेढीवरचा सत्संग

व्यापाऱ्याची पत दोन ठिकाणी नोंदलेली असते. एक नोंद बँकेच्या दप्तरी असते आणि दुसरी त्याच्याशी सौदा करून उठलेल्या माणसाच्या मनात. पहिली नोंद तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगतो, दुसरी नोंद पुष्कळ अधिक काळ टिकते. श्रीमद् राजचंद्र यांचे चरित्र आपल्या समाजात बहुधा आत्मज्ञानाच्या अंगाने सांगितले जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु हे आत्मार्थी पुरुष मुंबईतील जवाहिरांच्या एका पेढीचे भागीदार होते, ही गोष्ट ओझरती सांगून पुढे जाण्याची आपली रीत मला पटत नाही. मोहनदास करमचंद गांधी या तरुणाने त्यांना वारंवार पाहिले ते उपाश्रयात नव्हे. हिऱ्यामोत्यांचा व्यवहार चालू असलेल्या गादीवर पाहिले.

सन 1891 च्या जुलै महिन्यात गांधीजी बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. बंदरावर उतरताच मातोश्री निवर्तल्याची वार्ता त्यांना बंधूंकडून कळली. मुंबईत त्यांचा मुक्काम डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी होता. तेथेच डॉक्टरांनी आपल्या थोरल्या बंधूंच्या जावयाची, रायचंदभाईंची, ओळख करून दिली. गांधीजींचे वय तेव्हा एकवीस, रायचंदभाईंचे तेवीस. हे ‘शतावधानी’ आहेत असे कोणीतरी सांगितले, तेव्हा नव्या बॅरिस्टराने आपल्या युरोपीय भाषांच्या ज्ञानाचा साठा रिता करून पाहिला. आठवतील तितके परकीय शब्द त्याने उच्चारले आणि रायचंदभाईंनी ते त्याच क्रमाने जसेच्या तसे म्हणून दाखविले. गांधीजींना आश्चर्य वाटले, पण त्या स्मरणशक्तीने आपण भारावलो नाही, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

यात नवल नाही. खुद्द रायचंदभाईंनाच त्या शक्तीचे अप्रूप उरले नव्हते. सौराष्ट्रातील ववाणिया गावी 1867 साली कार्तिकी पौर्णिमेस त्यांचा जन्म झाला. वडिलांकडे वैष्णव भक्ती, आई जैन संस्कारांची. एकोणिसाव्या वर्षी मुंबईत फरामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शंभर अवधानांचा प्रयोग केला, सुवर्णपदक मिळाले, युरोपात जाऊन प्रयोग करण्याविषयी सूचना आली. त्यांनी ती नाकारली आणि पुढे थोड्याच काळात अवधाने करणेच सोडून दिले. हाती आलेली कीर्ती आत्मसाधनेस अडथळा होते म्हणून विसाव्या वर्षाच्या आसपास ती बाजूला ठेवणारा माणूस मग व्यापारात मात्र शिरतो, हे वरकरणी विसंगत वाटते. गृहस्थाश्रम स्वीकारला होता. त्याचे देणे सचोटीने फेडायचे, एवढाच त्यांचा हिशेब असावा असे मला वाटते.

रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीवर लाखांचे व्यवहार होत. मोत्यांची आणि हिऱ्यांची पारख रायचंदभाई स्वतः करीत. गांधीजींनी जे पाहिले ते असे : गादीवर एखादे धर्मपुस्तक आणि एक रोजनिशी कायम असे. सौद्याचे बोलणे संपले की त्याच क्षणी पुस्तक उघडे किंवा रोजनिशीत काही लिहिणे सुरू होई. मघाशी मोत्याच्या पाण्याविषयी बोलणारा माणूस आता आत्म्याविषयी लिहीत आहे, आणि दोन्हींत त्याचे चित्त सारखेच स्थिर आहे. गांधीजी त्या वेळी अशिलावाचून बसलेले वकील होते. त्यांच्यापासून पेढीला कसलाही लाभ नव्हता. तरी ते आले की रायचंदभाई त्यांच्याशी गंभीर धर्मचर्चा करीत.

‘धर्म देरासरात, व्यवहार बाजारात’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. आपल्यापैकी काहींनी उच्चारलेही असेल. रायचंदभाईंना ही वाटणी मुळातच मान्य नव्हती. त्यांच्या व्यवहाराविषयी दोन कथा परंपरेने सांगितल्या जातात. एका अरब व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाने थोरल्याला न विचारता मोत्यांचा मोठा माल पेढीला विकला. थोरल्या भावाला ते कळले तेव्हा तो घाबरला, कारण त्या मालाबाबत त्याचे हात आधीच बांधलेले होते. तो रायचंदभाईंकडे आला आणि त्याने अडचण सांगितली. सौदा कायदेशीर होता, नफा डोळ्यांसमोर होता. रायचंदभाईंनी मालाचे पुडके जसेच्या तसे परत केले.

दुसरी कथा अधिक प्रसिद्ध आहे. एका जवाहिऱ्याने ठराविक भावाने ठराविक मुदतीत हिरे देण्याचे लिखत करून दिले होते. मध्यंतरी भाव इतका चढला की करार पाळल्यास त्याचे दिवाळे निघाले असते. रायचंदभाई स्वतः त्याच्या दुकानी गेले. तो बिचारा घरदार विकून पैसे फेडण्याची भाषा करू लागला. रायचंदभाईंनी ते लिखत मागून घेतले आणि त्याच्यादेखत फाडून टाकले. चिंतेचे मूळ हा कागद आहे, तोच नको, असा त्याचा भावार्थ.

माझा पेशा कागद जपण्याचा होता, त्यामुळे ही दुसरी कथा वाचताना मी नेहमी थबकतो. प्रत्येक थकलेल्या कर्जाचा दस्तऐवज असा फाडला तर ठेवीदारांनी कोठे जावे? बँकेचा अधिकारी दुसऱ्याच्या पैशाचा विश्वस्त असतो. त्याला हा मार्ग मोकळा नाही. परंतु येथे नफा पेढीचा स्वतःचा होता आणि तो समोरच्याच्या चुकीतून नव्हे, बाजाराच्या लहरीतून आलेला होता. आपला हक्क आणि दुसऱ्याचा सर्वनाश समोरासमोर आले असता हक्क किती ताणावा, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या दुकानात कधी ना कधी उभा राहतो. त्याचे उत्तर देताना कायद्याचे पुस्तक फारसे उपयोगी पडत नाही.

गांधीजी एप्रिल 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेस गेले. म्हणजे सहवासाचा काळ दोन वर्षांहूनही कमी, आणि त्यातही गांधीजींचा काही काळ राजकोटला गेला. एवढ्याशा परिचयाचा परिणाम किती खोल होता हे समुद्रापलीकडे गेल्यावर दिसू लागले. प्रिटोरियात बेकर नावाच्या वकिलाने आणि त्यांच्या धर्मनिष्ठ मित्रांनी गांधीजींना ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेण्याविषयी प्रेमाने, पण सतत आग्रह चालविला. कोट्स नावाचे सद्गृहस्थ तर गळ्यातील तुळशीची माळ तोडून टाकावी म्हणून सांगू लागले. आईने घातलेली ती माळ गांधीजींनी काढली नाही. दुसरीकडे अब्दुल्ला शेठ इस्लामचा अभ्यास करण्यास सुचवीत होते. आणि आपला हिंदू धर्म म्हणावा तर त्यात अस्पृश्यतेसारखे दोष ढळढळीत दिसत होते. पंचविशीच्या आतबाहेर असलेला, घरापासून हजारो मैल दूर असलेला तरुण येथे कोणत्याही दिशेने वळला असता.

त्याने आपल्या शंका पत्राने रायचंदभाईंना कळविल्या. प्रश्न एकूण सत्तावीस. आत्मा म्हणजे काय, तो कर्ता आहे काय, ईश्वर कोण, मोक्ष म्हणजे काय, येशू ख्रिस्ताला ईश्वराचा अवतार मानावे काय, निरक्षराला केवळ भक्तीने मोक्ष मिळेल काय, अशा स्वरूपाचे. ऑक्टोबर 1894 मध्ये सविस्तर उत्तर गेले. त्यातील आशय असा होता की धीर धरावा, आपल्या धर्माचा अधिक खोल अभ्यास करावा, आणि घाईने निर्णय करू नये.

वाचकहो, या पत्रव्यवहारातील ज्या एका गोष्टीकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे ती म्हणजे रायचंदभाईंनी पाठविलेली पुस्तके. पंचीकरण, मणिरत्नमाला, योगवासिष्ठातील मुमुक्षु प्रकरण, आणि हरिभद्रसूरींचे षड्दर्शनसमुच्चय. पहिली तीन वेदान्ताच्या परंपरेतील. चौथे आपल्या आचार्यांचे, पण तेही सहा दर्शनांचा परिचय करून देणारे. वीतरागमार्गावर ज्याची अढळ श्रद्धा आहे असा माणूस, समोर एक तेजस्वी तरुण संभ्रमात सापडलेला आहे, आणि तरीही तो त्याला जैन करून घेण्याचा लेशमात्र प्रयत्न करीत नाही. त्याला त्याच्याच घराच्या दिशेने परत पाठवितो. अनेकांतवादावर व्याख्याने आपण पुष्कळ ऐकतो. तो आचरणात कसा दिसतो हे मला या पुस्तकांच्या पार्सलात जितके स्पष्ट दिसले तितके व्याख्यानात क्वचितच दिसले. आग्रह करणारे मित्र प्रिटोरियात रोज भेटत होते, तरी जो आग्रह करीत नव्हता त्याचाच शब्द मनात रुजला.

सत्ताविसावा प्रश्न सापाविषयी होता. साप चावण्यास आला तर त्याला चावू द्यावे की मारावे? उत्तर सावध होते. चावू द्या असे सांगणे कठीण आहे. पण देह अनित्य आहे हे ज्याने जाणले त्याने त्या असार देहासाठी, देहावर प्रेम असलेल्या जिवाला मारणे कसे योग्य ठरेल? पुढे टॉलस्टॉय फार्मवर हाच प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. कॅलनबाख यांच्या खोलीत अशा जागी साप आढळला की त्याला हाकलणेही अशक्य आणि पकडणेही अशक्य. गांधीजींनी मारण्याची परवानगी दिली, आणि सापाला हातात धरण्याचे धैर्य आपल्यात नव्हते हे पुढे लिहूनही ठेवले. आपल्यातील काही मंडळी हा प्रसंग सांगायला संकोचतात. मला संकोच वाटत नाही. श्रद्धेचा प्रभाव अनुकरणाने मोजायचा असेल तर येथे तो उणा पडला. पण हा प्रसंग वर्षानुवर्षे मनाला बोचत राहावा आणि जगासमोर तो तसाच मांडावासा वाटावा, हे त्या शिकवणुकीवाचून झाले असते असे वाटत नाही.

ब्रह्मचर्याच्या बाबतीतही तेच. 1906 साली घेतलेल्या व्रताच्या मुळाशी रायचंदभाईंचा प्रभाव प्रमुख होता, असे गांधीजी सांगतात. एकदा त्यांनी ग्लॅडस्टनपत्नीच्या पतिप्रेमाची वाखाणणी केली होती. पार्लमेंटातही ती पतीला स्वतःच्या हाताने चहा करून देत असे. रायचंदभाईंनी शांतपणे विचारले की हीच सेवा बहिणीने किंवा नोकराने केली असती तर तिची थोरवी तुम्हाला अधिक वाटली नसती काय? विचारणारे स्वतः विवाहित होते. प्रश्न कडू लागला, पण मनातून गेला नाही.

ते स्वतः टीका कशी घेत हेही पाहण्यासारखे आहे. चामड्याच्या वापराविषयी बोलणे निघाले असता, निदान डोक्यावर तरी चामडे घालू नये असे रायचंदभाई म्हणाले. गांधीजींनी त्यांच्या टोपीकडे पाहिले. आतल्या बाजूस चामड्याची पट्टी होती. ती त्यांच्या ध्यानातच आलेली नव्हती. गांधीजींनी दाखवून देताच त्यांनी वाद न घालता ती तत्क्षणी काढून टाकली.

इतरांवरील प्रभावाची हकिकत थोडक्यात सांगतो. सायला येथील सौभागभाई वयाने कितीतरी वडील. त्यांना लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांच्याच विनंतीवरून 1896 साली नडियाद येथे आत्मसिद्धीच्या 142 गाथा एका बैठकीत लिहिल्या गेल्या. शेजारी अंबालालभाई कंदील धरून उभे होते. स्थानकवासी मुनी लल्लुजी महाराजांनी एका गृहस्थाला गुरू मानून वंदन केले आणि त्यासाठी स्वसंप्रदायाचा रोष पत्करला. वेषाला वंदन करण्याची सवय असलेल्या समाजात हे सोपे नव्हते. आगासचा आश्रम पुढे त्यांच्याच प्रेरणेने उभा राहिला.

गांधीजींनी मात्र रायचंदभाईंना गुरू केले नाही. तीन व्यक्तींचा आपल्या जीवनावर खोल ठसा उमटला असे ते म्हणतात. त्यांत टॉलस्टॉय आणि रस्किन यांचा त्यांच्या ग्रंथांद्वारे आणि रायचंदभाईंचा जिवंत सहवासाने. तरीही हृदयातील गुरूचे आसन रिकामेच राहिले, हे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. रायचंदभाईंनी ते मागितल्याचा पुरावा कोठेही नाही.

पेढीचे नाते टिकले. गावदेवीतील लॅबर्नम रस्त्यावरचे मणिभवन हे रेवाशंकर जगजीवन यांचेच घर. 1917 ते 1934 या काळात गांधीजींचा मुंबईतील मुक्काम तेथे असे. आज तेथे जाणाऱ्या यात्रेकरूंपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की हे घर राजचंद्रांच्या भागीदाराचे.

रायचंदभाईंचा देहान्त 1901 च्या एप्रिलमध्ये राजकोट येथे झाला. वय तेहतीस. गांधीजी तेव्हा आफ्रिकेत होते. वार्ता पत्राने पोहोचली तेव्हा ते आपल्या कार्यालयात कामाच्या मेजाशी बसलेले होते. पुढे रेवाशंकरभाईंना लिहिताना त्यांनी कळविले, की पत्र वाचून क्षणभर शोक झाला आणि लगेच ते हातातील कामाला लागले. येथे शोक करण्यासही फुरसत नाही, मात्र फुरसत मिळते तेव्हा मन तिकडेच जाते.

मुंबईच्या त्या गादीवरही काम आणि चिंतन असेच एकाच बैठकीत चालत असे.