प्रथिनाच्या चित्रातील फीत कशी वाचावी?

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी चिकित्सालयात ठेवून जातात त्या माहितीपत्रकांवर वेटोळ्या रंगीत फितींचे चित्र व त्यात बसविलेला एखाद्या वनस्पतिघटकाचा रेणू हल्ली वारंवार दिसतो. मध्यंतरी अशाच एका पत्रकाविषयी विचारता, ‘घटक रिकाम्या जागेत अचूक बसतो’ असे उत्तर मिळाले. ते उत्तर खटकले, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी होय. प्रत्येक अमिनो आम्लातील एक नायट्रोजन व दोन कार्बन अणू ओळीने जोडले जाऊन तिचा कणा बनतो. पार्श्वशाखा त्यास फांद्यांप्रमाणे फुटलेल्या असतात. सर्वच अणू दाखविले तर दाट झुडूप दिसते, कणा सापडत नाही. जॉन केंड्रू यांची १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेली मायोग्लोबिनची पहिली प्रतिकृती तर आतड्याच्या वेटोळ्यांसारखीच दिसे!

यावरील सोपा उपाय म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लाचा केवळ अल्फा कार्बन घेऊन ते बिंदू रेषेने जोडणे. लगतच्या दोन बिंदूंत सुमारे ३.८ अँगस्ट्रॉम अंतर असते. मात्र ही रेषा म्हणजे रासायनिक बंध नव्हे, केवळ मार्गदर्शक खूण.

आज सर्वत्र दिसणारी फीत जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये हाताने काढलेल्या चित्रांमुळे रूढ झाली. वेटोळी फीत म्हणजे अल्फा सर्पिल; त्याच्या एका वेढ्यात सरासरी ३.६ अमिनो आम्ले असतात. चपटा बाण म्हणजे बीटा धागा. बाणाचे टोक साखळीच्या कार्बॉक्सिल टोकाकडे असते. उरलेली वळणे बारीक दोरीने दाखवितात. ही वळणे मनमानी नसतात. कणा कोणत्या कोनांत वळू शकतो हे मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच दाखविले होते. रंग बहुधा चित्रकाराच्या पसंतीचे. अपवाद अल्फाफोल्डच्या चित्रांचा: तेथे गडद निळा भाग अधिक विश्वासार्ह, नारिंगी भाग अत्यंत अविश्वासार्ह.

आता त्या ‘रिकाम्या जागे’विषयी. फितींमध्ये दिसणारी पोकळी बहुतांशी रिकामी नसते. न दाखविलेल्या पार्श्वशाखांनी ती खच्चून भरलेली असते. औषधाचा रेणू धरून ठेवण्याचे कामही मुख्यतः याच शाखा करतात. म्हणजे पत्रकातील दाव्यास जे आवश्यक, नेमके तेच फितीच्या चित्रात गाळलेले असते. याकरिता पृष्ठभागाचे व पार्श्वशाखांचे चित्र मागावे, आणि रेणूची जागा प्रयोगाने निश्चित झाली की केवळ संगणकीय गणिताने, हेही विचारावे. औषधालयाच्या चालकांनी उत्तर मिळेपर्यंत तसे चित्र दर्शनी फलकावर लावू नये.