चॉकलेटचं वेष्टन उलटून वाचा

लेकराला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल, तर लक्षात ठेवा: चॉकलेट म्हणजे निव्वळ कोको आणि साखर नव्हे. दूध, सोया, काजू-बदामाचा अंश हे सगळं एकाच वडीत असू शकतं. घटकांच्या यादीतलं ‘322’ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाचं. ‘डार्क’ लिहिलेल्या चॉकलेटमध्येही अनेकदा दूध असतं. 2020च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन यांचा उल्लेख बंधनकारक आहे. तीळ मात्र त्या यादीत नाहीत.

भामरागड-एटापल्लीकडे खरी अडचण किराणा दुकानातल्या बरणीची. 100 चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या चिमुकल्या वेष्टनावर घटकांची यादी छापायची सक्ती नाही. ती मोठ्या खोक्यावर किंवा बरणीवर असते. म्हणून दुकानदाराला तेच दाखवायला सांगा, अजिबात संकोच करू नका. खोकं फेकून दिलं असेल आणि बरणीवर कागद नसेल, तर ते चॉकलेट लेकराच्या हाती देऊच नका.

खोबरं सोसत असेल, तर कोको पावडर, गूळ आणि खोबरेल तेलाची वडी घरीच थापता येते. फक्त वरून आपल्या जंगलातली चारोळी भुरभुरण्याआधी थांबा. ती काजू-पिस्त्याच्याच कुळातली आहे.