भातावरील फवारणी व शेतकऱ्याची प्रकृति

मावळांत भाताचें पीक पोटरीवर येऊं लागलें कीं खोडकिडा व तुडतुडे यांचा उपद्रव वाढतो आणि औंढ्यासारख्या गांवीं पाठीवरचे पंप बाहेर निघतात. बांध पोखरणाऱ्या खेकड्यांसाठीं शिजविलेल्या भातांत विष कालवून तें बिळांत घालण्याचीही रीत आहे. या कामांत येणारीं ॲसिफेट, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस हीं औषधें ऑर्गॅनोफॉस्फेट या एकाच कुळांतील होत. तीं ज्या रीतीनें किडीचा प्राण घेतात त्याच रीतीनें माणसाचाही घेऊं शकतात, हें प्रत्येक खातेदारानें नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

आपल्या ज्ञानतंतूंचा हुकूम स्नायूंस व ग्रंथींस पोहोंचविण्यासाठीं ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य पाझरतें. काम होतांच कोलीनेस्टरेज नांवाचें दुसरें द्रव्य त्यास नाहींसें करतें. वाफा भरतांच दारें धरणारा गडी पाणी मोडून घेतो, तसाच हा प्रकार आहे. हें विष त्या गड्याचेच हात बांधतें. मग पाणी वाहतच राहतें. घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, नजर अंधुक होते, ओकारी व जुलाब होतात. पुढें स्नायू फडफडतात, छातींत कफ दाटतो आणि अखेर श्वास बंद पडून मृत्यु येतो.

विष केवळ तोंडावाटेंच जातें ही समजूत चुकीची आहे. गळक्या पंपानें भिजलेली पाठ, उघडे हात, ओलें धोतर यांतून तें कातडीवाटें मुरतें. शिवाय खर्च झालेलें कोलीनेस्टरेज भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून आज थोडें, चार दिवसांनीं थोडें, असें करतां करतां एखादे दिवशीं नेहमींचीच फवारणी जिवावर बेतते. डोकेदुखी व मळमळ यांस ऊन किंवा पित्त समजून काम चालूं ठेवणें, हीच मोठी चूक होय.

इ. स. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना वीसांहून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेनें दगावले आणि शेंकडों रुग्णालयांत दाखल झाले. त्या वेळीं वापरांत असलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस हीं याच कुळांतील होतीं. कपाशी डोक्यापर्यंत वाढलेली, हवा दमट, आणि अनेक औषधें एकत्र कालवलेलीं. त्यामुळें फवारा पिकाबरोबर माणसावरही पडला.

यावर उपाय अवघड नाहींत. फवारणी सकाळीं अथवा सायंकाळीं व वारा पाठीशीं घेऊन करावी. अंगभर कपडे, रबरी हातमोजे व तोंडावर आच्छादन असावें. तुंबलेली तोटी तोंडानें फुंकूं नये. मध्येंच तंबाखू मळूं नये. काम संपतांच साबणानें स्नान करून कपडे वेगळे धुवावे. खेकड्यांचें आमिष बिळांत खोल घालून तोंड बुजवावें. रिकाम्या डब्यांत पाणी वा धान्य कधींही ठेवूं नये.

बाधा दिसतांच कपडे उतरवून अंग धुवावें, मीठपाणी पाजून ओकारी काढूं नये, आणि औषधाच्या डब्यासह रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. तेथें ॲट्रोपीन टोंचतात. हें द्रव्य धोतऱ्यांतही असतें. परंतु म्हणून घरीं धोतरा देणें म्हणजे एका विषावर दुसरें विष घालणें होय. रोगी सांवरला असें वाटलें तरी एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू पुन्हां दुबळे पडूं शकतात. यास्तव डॉक्टरांच्या अनुज्ञेवांचून त्यास घरीं आणूं नये.

पंप पुष्कळदां मजुराच्या पाठीवर असतो आणि डब्यावरील मजकूर वाचणारा मालक बांधावर उभा असतो. तो मजकूर मजुरास वाचून दाखविणें व हातमोजे आणून देणें हें मालकाचें कर्तव्य आहे. एका हंगामाचें पीक पुढल्या वर्षीं पुन्हां येतें. गेलेला माणूस येत नाहीं.