जुळी बहीण वांझ निघेल का?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बोईसर-तारापूर रस्त्यालगतच्या कापणी झालेल्या भातखाचरांत धनगरांचा वाडा उतरला होता. पालघरला मी जीवशास्त्र शिकवत असे, हे कुणीतरी सांगितल्यावर एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी घोडीवरच्या जाळीतून कोकरू काढून माझ्यापुढे धरलं. "मास्तर, ही नराबरुबर जल्मली. ठिवू का इकू?"

प्रश्न भाबडा नव्हता. गाईला नर-मादी जुळं झालं तर त्यातली कालवड बहुधा वांझ निघते. दहांतल्या नऊ तरी. इंग्रज गुराखी तिला 'फ्रीमार्टिन' म्हणत. १९१६-१७ च्या सुमारास अमेरिकेत फ्रँक लिली यांनी कारण मांडलं : दोन्ही गर्भांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळतात आणि भावाचे स्राव बहिणीच्या अंगात उतरतात.

हे फार लवकर घडतं. मेंढी साधारण १४७ दिवस गाभण असते. तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी, गर्भ बोटाच्या पेराएवढा असतानाच, नराचं वृषण कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवू लागतं. त्याच वृषणातलं दुसरं संप्रेरक गर्भाशयाचा पायाच विरघळवून टाकतं. कालवडीचा घात मुख्यतः हे दुसरं करतं.

आणि मादी? आल्फ्रेड जोस्त यांनी १९४० च्या दशकात सशाच्या गर्भांतली वृषणं काढली, तेव्हा ते नरगर्भ मादीच्या वळणाने वाढले. त्यावरून मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं, की नर घडवावा लागतो, मादी आपसूक होते. ते अर्धंच खरं होतं. मेंढीच्या गर्भातलं अंडाशयही त्याच दिवसांत इस्ट्रोजेन तयार करतं. पंचावन्नाव्या दिवसाच्या आसपास बीजपेशींचं अर्धसूत्री विभाजन सुरू होतं, आणि हा स्राव ओसरतो. गप्प बसलेलं अंडाशय मी मुलांना शिकवलं, ते मुळात गप्प नव्हतंच.

मेंढीत मात्र जुळ्यांच्या रक्तवाहिन्या क्वचितच मिसळतात. दख्खनी मेंढीला जुळंही विरळाच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा 'फेक-बी' जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' मेंढी घडवली. तिला जुळी पुष्कळ होतात. एका वेतात तीन-चार कोकरं आली, की वांझपणाची शक्यता थोडी वाढते.

बाबांच्या मेंढीला दोनच झाली होती. "ठेवा," मी म्हणालो. त्यांनी कोकराला परत जाळीत ठेवलं. भावाचा सौदा आदल्या दिवशीच झाला होता.