गॅरेजमधून आलेली गाडी

“गाडीतलं तुला काय कळतंय?” हे वाक्य ऐकलं नाही अशी गृहिणी विरळाच! पण मिक्सरचा आवाज बदलला की आपल्याला आधी कळतो, कुकरची शिट्टी अडली की आपण गॅस बंद करतो. मग कालच दुरुस्त होऊन आलेल्या गाडीचं काही बिनसलं, तर ते आपल्याला का कळू नये?

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने सर्व्हिसिंगसाठी गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये टाकली. कंपनीच्या वर्कशॉपपेक्षा निम्म्या पैशात ऑइल बदललं, फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली काळा डाग दिसला. “एसीचं पाणी असेल,” यजमान म्हणाले. (एसीचं पाणी स्वच्छ असतं, बोट लावलं तर बुळबुळीत लागत नाही. एवढी परीक्षा तर आपण तेल-तुपाची रोज करतो!) सगळे साताऱ्याला निघाले. खंबाटकीच्या घाटात ऑइलच्या झारीच्या चित्राचा तांबडा दिवा लागला. “घाट चढून जाऊ, मग बघू.” पाच-सात मिनिटांत खडखड सुरू झाली आणि इंजिन जाम! ऑइलचा खालचा नट नीट आवळलेलाच नव्हता. ऑइल गळून गेलं, धातूवर धातू घासला. थोरलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला काढलेले पैसे त्या इंजिनात जाण्याची वेळ आली.

तेव्हा मैत्रिणींनो, तो तांबडा दिवा लागला किंवा उष्णतेचा काटा वर चढला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायला लावा. रस्त्यात भांडण झालं तरी चालेल. “एकदा स्टार्ट करून बघतो,” हे तर मुळीच नको. थोडक्यात निभावणारं काम त्या एका स्टार्टने हाताबाहेर जातं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं.

गाडी ओढून नेण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा: दिव्याचे, किलोमीटरच्या आकड्याचे, खाली सांडलेल्या ऑइलचे. गॅरेजवाला गोड आवाजात म्हणेल, “ताई, गाडी इकडेच आणा, फुकटात खोलून बघतो.” इथेच सावध राहा. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याच हातात पुरावा कशाला द्यायचा? आधी दुसऱ्या जाणकाराला दाखवा, दोष कशामुळे झाला ते त्याच्याकडून लेखी घ्या, मगच इंजिन खोलू द्या. विमा आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. नेहमीच्या वाहनविम्यात असा यांत्रिक बिघाड बसत नाही.

मग गॅरेजमालकाला पत्र लिहा. तोंडी तक्रारीला उत्तर ठरलेलं: “गाडी जुनीच होती.” पत्रात तारीख, काम, बिलाची रक्कम आणि तुमची मागणी लिहून ते स्पीड पोस्टाने पाठवा. तरी दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. कामाचे दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. बिलावर ‘नंतर आमची जबाबदारी नाही’ असं छापलेलं असलं म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. बिल यजमानांच्या नावावर असलं तरी त्यांच्या संमतीने ती सेवा वापरणाऱ्या तुम्हीही कायद्याने ग्राहकच.

पण बिलच नसेल तर? या कुटुंबाकडे नशिबाने पक्कं बिल होतं. बाईंनी स्वतः पत्र लिहिलं, फोटो जोडले. पंधरा दिवस मालक गप्प होता. मग मजुरी माफ करून सुट्या भागांचे निम्मे पैसे द्यायला तयार झाला. सगळे मिळाले नाहीत, पण फी वेळेवर भरली गेली.

आता त्यांची गाडी सर्व्हिसिंगला जाते तेव्हा कामाची यादी आधी लिहून घेतली जाते आणि काढलेला जुना फिल्टर पिशवीत घालून परत मागितला जातो. गाडी घरी आली की सकाळी, इंजिन थंड असताना, बाई स्वतः बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसून बघतात. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं म्हणजे झालं. चहाला आधण ठेवून एवढं काम सहज होतं!