छोट्या गावाचा छायाचित्रकार : माइक डिसफार्मर यांची व्यक्तिचित्रे

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात हीबर स्प्रिंग्ज नावाचे छोटे गाव आहे. तेथे माइक डिसफार्मर यांनी १९५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे चार दशके छायाचित्रे काढली. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी, नवी जोडपी, लेकुरवाळ्या बाया आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गणवेशातले जवान.

त्यांचे मूळ आडनाव मायर. जर्मन भाषेतील या नावाचा संबंध शेतकऱ्याशी आहे. आपण शेतकरी नाही हे जगाला कळावे म्हणून त्यांनी १९३९ मध्ये नाव कायदेशीररीत्या बदलून ‘डिसफार्मर’ केले. लहानपणी वावटळीने आपल्याला उचलून मायर कुटुंबात आणून टाकले, असेही ते सांगत. गाव त्यांना विक्षिप्त म्हणे, ते उगाच नव्हे!

आता त्यांची कामाची पद्धत पाहू. स्टुडिओत उत्तरेकडून उजेड येईल अशी मोठी काच होती. उत्तर गोलार्धात या दिशेने थेट ऊन जवळजवळ येत नाही. आकाशाचा पसरलेला उजेड येतो. त्यामुळे चेहऱ्यावर काळ्याकुट्ट सावल्या पडत नाहीत, पण सुरकुत्या, शिवण, बटण सारे दिसते. फिल्म सर्वत्र रुळल्यावरही ते काचेच्या निगेटिव्ह वापरत राहिले. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापली की चित्र तिच्याच आकाराचे, म्हणजे इथे पोस्टकार्डाएवढे, येते. याला काँटॅक्ट प्रिंट म्हणतात. मधे एन्लार्जरचे भिंग नसल्याने त्याचे दोष चित्रात शिरत नाहीत, आणि निगेटिव्हमधला बारीक तपशील जवळजवळ जसाच्या तसा उतरतो.

पडदा मात्र साधा, पांढरा किंवा काळा. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत ताजमहाल किंवा दल सरोवर रंगवलेले असे. तिथे माणूस काही काळ दुसरीकडे जाऊन येई. डिसफार्मर यांच्यापुढे तशी सोय नव्हती. ते ‘हसा’ही म्हणत नसत. हात कुठे ठेवावेत हे न कळलेली माणसे, एकमेकांना जेमतेम टेकलेली भावंडे, असे त्यांच्या चित्रांत वारंवार दिसते. मला त्यांचे खरे सामर्थ्य इथेच वाटते.

त्यांच्या मृत्यूनंतर गावातील जो ऑलब्राइट यांनी स्टुडिओतील सामान नाममात्र किमतीला घेतले, म्हणून सुमारे ३,००० काचा वाचल्या. १९७० च्या दशकात स्थानिक संपादक पीटर मिलर यांनी त्या साफ करून नवे छापे काढले. न्यूयॉर्कच्या संपादिका ज्युलिया स्कली यांच्या साहाय्याने १९७६ मध्ये पुस्तक निघाले आणि गावाबाहेर कोणाला ठाऊक नसलेला हा माणूस कलेच्या इतिहासात गेला.

पुढे २००० नंतर संग्राहक थेट गावात पोहोचले आणि कुटुंबांच्या अल्बममधल्या मूळ प्रती विकत घेऊ लागले. मग डिसफार्मर यांचे काम कोणते? प्रदर्शनातील मोठा छापा की त्यांनी स्वतः छापून गिऱ्हाइकाच्या हाती दिलेला पोस्टकार्डाएवढा कागद? माझे मत छोट्या कागदाच्या बाजूने आहे. तो मुलाला, मावशीला, आघाडीवरच्या भावाला पाठवण्यासाठी काढलेला होता, भिंतीसाठी नव्हे.